गाडीवर ठिणगी पडली, तर भरपाई कोणाच्या खिशातून?

पोस्ट लांबली आहे. पण ज्यांच्या बिल्डिंगला सध्या परांची लागली आहे किंवा लागणार आहे, आणि ज्यांची गाडी त्याच बिल्डिंगखाली उभी असते, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर जरूर वाचा.

आपल्या पट्ट्यात बिल्डिंगच्या कामांचे दोन हंगाम असतात. एक एप्रिल-मे, पावसाच्या तोंडावर. गच्चीवर पत्र्याची शेड, वॉटरप्रूफिंग, गळके पाइप बदलणं. दुसरा पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या आसपास. रंगकाम, प्लास्टर, खिडक्यांच्या ग्रिल. पुण्या-नाशिकला जे काम दहा वर्षांनी निघतं ते आपल्याकडे पाच-सहा वर्षांनी निघतं. एका बाजूला सातपाटी, नवापूर, चिंचणीचा खारा वारा, दुसऱ्या बाजूला तारापूर एमआयडीसीची हवा. लोखंड टिकत नाही, रंग टिकत नाही. म्हणून बोईसर असो की पालघर, कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगवर माणसं लोंबकळत काम करताना दिसतातच.

आणि खाली गाड्या. बिल्डरनं पार्किंग दिलं वीस गाड्यांचं, सोसायटीत गाड्या पन्नास. उरलेल्या भिंतीला चिकटून, उघड्यावर, थेट परांचीखाली.

मग व्हायचं ते होतं. वरून प्लास्टरचा तुकडा पडतो. रंगाचे शिंतोडे उडतात. टाइल धुवायच्या अॅसिडचा ओघळ बंपरवरून जातो. शिडी घसरते आणि दरवाजाला पोच पडतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण नुकसान खरं असतं, आणि गाडीचा हप्ता चालू असतो.

मला या पोस्टमध्ये एवढंच विचारायचं आहे की असं झाल्यावर आपण पैसे कोणाकडून घेतो. कारण गेल्या वर्षभरात मी जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. आपण भरपाई चुकीच्या माणसाकडून वसूल करतो, आणि आपल्या ते लक्षातही येत नाही.

आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात गच्चीवर शेड घातली. वर ग्राइंडर आणि वेल्डिंग चालू, खाली पाच गाड्या, त्यातली एक माझी. ठिणग्या वाऱ्यानं खाली आल्या. त्या दिवशी कोणाला काही दिसलं नाही. ग्राइंडरच्या ठिणगीत लोखंडाचा तापलेला बारीक कण असतो, तो काचेवर आणि रंगावर चिकटून रुततो. दोन पाऊस पडले आणि बॉनेटवर तांबूस ठिपके उठले. पुढच्या काचेवर हात फिरवला तर खरखर. दोन गाड्यांच्या काचा बदलायच्या, बाकीच्यांचं घासकाम आणि पॉलिश, असा पाच गाड्यांचा मिळून ३६ हजारांचा खर्च निघाला.

मीटिंगला ठेकेदार आला. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. म्हणाला, "साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका. ग्राइंडर मारणाऱ्या पोराचा पगार मी धरून ठेवलाय. त्याच्याकडून वसूल करून देतो."

आणि मीटिंगमधल्या बऱ्याच माना हलल्या. चला, प्रश्न मिटला.

तो पोरगा विक्रमगडकडचा. रोज ६०० रुपये. त्याची अकरा दिवसांची मजुरी, म्हणजे ६,६०० रुपये, ठेकेदारानं अडवून ठेवली होती. उरलेले साधारण २९ हजार तो पुढे काम करून फेडणार, असा हिशेब. ३६ हजार म्हणजे त्याच्या ६० दिवसांची मजुरी. दुसऱ्या मापानं बघा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती आणि केंद्राच्या कायद्यानं एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती. म्हणजे ३१,२०० रुपये. विक्रमगड, जव्हार, मोखाड्यातल्या एका घराला सरकार वर्षभरासाठी जेवढ्या मजुरीची हमी देत होतं, त्याहून जास्त रक्कम आम्ही एका पोराच्या डोक्यावर टाकायला निघालो होतो. कशासाठी? तर सांगितलेलं काम, सांगितलेल्या जागी, दिलेल्या मशीननं केल्याबद्दल.

त्यानं शेड कुठे घालायची हे ठरवलं नव्हतं. गाड्या हलवायच्या की नाही हेही नाही. ठिणग्या अडवायला जाड कापड किंवा पत्र्याचा आडोसा लावायचा का, हा खर्चाचा निर्णय होता आणि तो ठेकेदाराचा होता. आडोसा न लावून जे पैसे वाचले ते ठेकेदाराचे वाचले. कामाचा नफा त्याचा. मग नुकसान तेवढं त्या पोराचं कसं?

अजून एक गोष्ट सांगतो. तो पोरगा गच्चीच्या कठड्यावर कमरेला पट्टा न बांधता काम करत होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मीटिंग तासभर चालली, काचेवर बोलणं झालं, बॉनेटवर झालं, पॉलिशवर झालं. त्याच्या पट्ट्याचा विषय अजेंड्यावर नव्हता. गाडी झाकायला ताडपत्री का नव्हती हे आम्ही विचारलं, आणि ते बरोबरच होतं. पण ज्या ठेकेदारानं ताडपत्रीचे पैसे वाचवले त्यानंच पट्ट्याचेही वाचवले, हे दोन्ही एकाच खिशात गेले.

आता बोईसरकरांना एक सरळ प्रश्न. आपल्यातले निम्मे लोक एमआयडीसीत कामाला. त्यातले कित्येक कंपनीच्या रोलवर नाहीत, ठेकेदाराच्या. बॅच बिघडली, पंप जळला, माल सांडला की पहिली चौकशी कोणाची होते? शिफ्टवरच्या ऑपरेटरची. मेंटेनन्स वेळेवर केला का, सुटे भाग दिले का, एका माणसाला तीन मशीन का दिल्या, हे नंतर. त्या वेळी आपण घरी येऊन काय म्हणतो? "वरचे सुटतात, मरतो तो खालचा." आणि तीच आपण माणसं रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसून मान हलवतो, "पोराचा पगार धरलाय ना, मग ठीक."

हे मला पटत नाही. आणि कायद्यालाही पटत नाही.

मजुरीतून नुकसानभरपाई कापायची मुभा कायद्यानं कधीच मोकळी सोडलेली नाही. १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम होता तेव्हाही नव्हती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्यातही तेच. कामगाराच्या ताब्यात मुद्दाम सांभाळायला दिलेल्या वस्तूचं नुकसान असेल, ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच कपात. तीही झालेल्या नुकसानापेक्षा जास्त नाही. सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. परांचीखाली उभी असलेली माझी गाडी त्या पोराच्या ताब्यात कोणी दिली होती? त्याला बाजू मांडायला मीटिंगला कोणी बोलावलं होतं? अकरा दिवसांची अख्खी मजुरी अडवणं हे कुठल्या नियमात बसतं?

आपल्या जिल्ह्यात हा विषय नुसता हिशेबाचा नाही. १९४५ साली डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली लढा दिला तो वेठबिगारी आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध. लग्नासाठी काढलेलं थोडं कर्ज, ते फेडायला वर्षानुवर्षं सावकाराच्या घरी राबणं. १९७६ साली देशभर वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. कर्ज किंवा उचल यांच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणं गुन्हा ठरला. मी असं म्हणत नाही की आमचा ठेकेदार सावकार आहे. पण "तुझ्या नावावर २९ हजार बाकी आहेत, फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही" हे वाक्य कुठल्या वाटेनं जातं ते या जिल्ह्यातल्या माणसानं तरी ओळखायला हवं.

आता दुसरी बाजू. मला माहीत आहे खाली कॉमेंटमध्ये काय येणार. "तुम्हाला पोराची दया येते, आमच्या गाडीचं काय? आम्ही काय टाटा-बिर्ला आहोत?"

नाही आहोत. आमच्या पाच गाड्यांतली एक टॅक्सी परमिटची होती, ती उभी राहिली की घरचं उत्पन्न उभं राहतं. भरपाई मिळालीच पाहिजे. नुकसान झालं तर "जाऊ दे, गरीब माणूस आहे" म्हणून सोडून द्या असं मी म्हणत नाही. उलट म्हणतो की योग्य माणसाकडे मागितलं तर भरपाई मिळायची शक्यता जास्त. ६०० रुपये रोजवाल्याकडून ३६ हजार कधीच वसूल होत नाहीत. तो आठव्या दिवशी गावाला निघून जातो. ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. "त्याच्याकडून वसूल करून देतो" याचा खरा अर्थ "माझ्याकडून मागू नका" असा असतो.

मग मागायचं कसं?

पहिलं, पोलीस स्टेशन हा यावरचा उपाय नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये नुकसान करण्याचा गुन्हा आहे, पण त्याला हेतू लागतो किंवा नुकसान होणार हे माहीत असावं लागतं. हातून चुकून डबा सांडला तर तो गुन्हा होत नाही. ठाण्यात नेऊन पोराला दोन तास बसवून ठेवल्यानं बॉनेटवरचे ठिपके जात नाहीत. हा दिवाणी मामला आहे.

दुसरं, दिवाणी कायद्याचं तत्त्व साधं आहे. कामावर ठेवलेल्या माणसानं काम करताना निष्काळजीपणा केला तर त्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर येते. तेव्हा दावा ठेकेदारावर. त्यानं खाली कोणाला काम दिलं, मधे मुकादम किती, हा त्याचा अंतर्गत प्रश्न.

तिसरं, काम तुम्ही किंवा तुमच्या सोसायटीनं पैसे देऊन करून घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक आहात. सोसायटीनं ठेका दिला आणि तुम्ही सभासद आहात, तरी त्या सेवेचे लाभार्थी म्हणून ग्राहकच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत. कामाची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा.

पण शेजाऱ्याच्या रंगाऱ्यानं तुमची गाडी रंगवली तर तुम्ही त्या रंगाऱ्याचे ग्राहक नाही. तिथे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. तिथे शेजाऱ्यानं पुढाकार घ्यावा, ठेकेदाराच्या बिलातून वळते करून तुम्हाला द्यावेत, हाच शहाणपणा. रोज लिफ्टमध्ये भेटायचं असतं.

चौथं, विमा. इथे मोठा गैरसमज आहे. रस्त्यावर गाडी चालवायला सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज हवा. तो असला तरी क्लेम करण्याआधी कागद-पेन घ्या. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. आज तुमचा बोनस ५० टक्के असेल तर एका क्लेमनंतर पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत हुकते. बेरीज १२५ टक्के. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८ हजार धरला तर ढोबळ मानानं १० हजारांचा फटका. शिवाय दर क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार आणि त्यावरच्या गाडीला २ हजार रुपये तुमच्या खिशातून. प्लास्टिकच्या बंपरला साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, काचेला कापत नाहीत. म्हणजे सहा-सात हजारांच्या नुकसानासाठी क्लेम करणं घाट्याचं. पंचवीस-तीस हजारांचं असेल तर जरूर करा. बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर हिशेब वेगळा, पॉलिसी काढून बघा.

ठेकेदाराशी बोलताना हा हुकलेला बोनस आणि खिशातले हजार-दोन हजारही मांडा. तो तुमचा खराच तोटा आहे. मात्र एकाच नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडूनही आणि ठेकेदाराकडूनही घ्यायचे नाहीत. कंपनीनं पैसे दिले की जबाबदार माणसाकडून ते वसूल करायचा हक्क कंपनीला मिळतो. तुम्ही आधीच "सगळं मिटलं" असं लिहून दिलं असेल तर क्लेम अडकू शकतो.

याचं गाजलेलं उदाहरण आहे. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमध्ये एका पाहुण्यानं मारुती झेनची चावी पार्किंगवाल्याच्या हातात दिली. गाडी चोरीला गेली. विमा कंपनीनं मालकाला पैसे दिले आणि मग हॉटेलच्या मागे लागली. पार्किंगच्या पावतीवर लिहिलं होतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गाडी एकदा ताब्यात घेतली की निष्काळजीपणाची जबाबदारी अशी पावती छापून झटकता येत नाही.

आपल्यासाठी त्यातला धडा चावीचा आहे. गॅरेजला, वॉशिंग सेंटरला चावी दिली की गाडी त्यांच्या ताब्यात जाते. तिथे "आमची जबाबदारी नाही" असा बोर्ड लावून भागत नाही. सोसायटीखाली चावी तुमच्या खिशात असते, म्हणून तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी पुरावा लागतो. आणि परांचीवाला म्हणाला, "साहेब, चावी द्या, मी बाजूला घेतो," तर देऊ नका. त्याच्याकडे लायसन्स नसेल आणि गाडी ठोकली तर विमा कंपनी हात वर करेल. तो पोरगा आणखी खोल खड्ड्यात जाईल. पाच मिनिटं काढा, स्वतः खाली या.

पुरावा म्हणजे काय? गाडी हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो. एका फोटोत गाडी आणि वरची परांची दोन्ही दिसली पाहिजेत. त्याच दिवशी ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर मेसेज, शिवीगाळ न करता, काय झालं आणि कधी. दोन गॅरेजची एस्टिमेट. विम्याचा क्लेम करायचा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय दुरुस्ती नाही.

आणि तातडीचं. सिमेंटचं पाणी सांडलं तर सुकायच्या आत भरपूर पाणी मारा, खरवडू नका. अॅसिड उडालं तरी भरपूर पाणी, लगेच. भिंतीचा पाण्याचा रंग ओला असतानाच धुवा. ऑइल पेंट उडाला तर थिनरची चिंधी घेऊन धावू नका, त्यानं गाडीचा मूळ रंगही निघू शकतो. ठिणग्यांचे कण कापडानं घासू नका, ओरखडे पडतात. ते गॅरेजवाल्याकडून क्ले लावून काढून घ्या. कित्येकदा अर्धं नुकसान घाबरून केलेल्या घासाघाशीनं होतं आणि त्याचंही बिल शेवटी त्या पोराच्या नावावर फाटतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दोन मीटिंग आणखी झाल्या. आम्ही काही जणांनी एकच अट धरली, आधी पोराची अकरा दिवसांची मजुरी आमच्यासमोर द्या, मग गाड्यांचं बोलू. सोसायटीकडे ठेकेदाराचं शेवटचं बिल बाकी होतं, म्हणून तो ऐकत होता. मजुरी दिली. नंतर त्याच्या बिलातून २४ हजार वळते केले, तसं व्हाउचरवर लिहिलं. राहिलेले १२ हजार पाच गाडीवाल्यांनी आपापल्या खर्चाच्या प्रमाणात सोसले. कारण खाली गाड्या असताना काम सुरू करू दिलं ते कमिटीनं, आणि कमिटी आपणच निवडतो. कोणीच पूर्ण खूश नव्हतं. एक सभासद अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण पैसे मिळाले, गाड्या दुरुस्त झाल्या आणि ते पोरगं कर्ज डोक्यावर न घेता गावाला गेलं.

हे सगळं टाळता आलं असतं, काम सुरू व्हायच्या आधी कागदावर पाच ओळी लिहिल्या असत्या तर. म्हणून सगळ्या कमिट्यांना विनंती, वर्क ऑर्डरमध्ये एवढं टाका:

१. कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला काम, हे दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर आणि ग्रुपवर. त्या बाजूच्या गाड्या हलवायची जबाबदारी गाडीमालकाची. नोटीस नसेल तर काम सुरू नाही.

२. जाळी, ताडपत्री आणि वेल्डिंग-ग्राइंडिंगला आडोसा ठेकेदाराच्या खर्चात. वेगळी रक्कम लावली तरी चालेल, ती द्या. कमी भावाच्या नादात हीच रक्कम कापली जाते.

३. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला पट्टा, हेल्मेट, चष्मा. नसेल तर त्या दिवशी काम बंद. कामगारांना आणि बाहेरच्यांना होणाऱ्या इजेचा, नुकसानीचा विमा ठेकेदाराकडे आहे का ते मोठ्या कामात बघूनच ऑर्डर द्या.

४. कामामुळे कोणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई ठेकेदाराची. बिलाचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभर राखून ठेवायचे. आमचे तांबूस ठिपके पावसानंतर दिसले, हे लक्षात घ्या.

५. या भरपाईपोटी कोणत्याही कामगाराची मजुरी कापायची किंवा अडवायची नाही. तसं आढळलं तर पुढचं बिल थांबेल.

पाचव्या ओळीला विरोध होईल. "ठेकेदार आणि त्याचा माणूस, त्यांचं ते बघतील, आपण कशाला मधे पडायचं?" माझं उत्तर असं. पैसे आपले आहेत, भिंत आपली आहे, गाडी आपली आहे. आपल्या नावानं कोणाची मजुरी कापली जाणार असेल तर आपण मधे आहोतच.

आणि ठेकेदार म्हणजे खलनायक असंही नाही. बोईसरमधले निम्मे फॅब्रिकेटर कालपर्यंत स्वतः ग्राइंडर धरत होते. एखादा दोन पोरं घेऊन स्वतः रंग मारणारा असेल तर त्याच्याशी बसून हप्ते ठरवा, थोडं तुम्ही सोसा, थोडं तो. कायद्याची कलमं काढून त्याला आयुष्यातून उठवायचं नाही. पण जो पाच सोसायट्यांचं काम एकाच वेळी घेतो, स्वतः साइटवर फिरकत नाही, आणि नुकसान झालं की रोजंदारीवरच्या पोराकडे बोट दाखवतो, त्याच्याशी बोलताना संकोच नको.

पुन्हा एप्रिल आलाय. येत्या दोन महिन्यांत आपल्याकडे शेकडो गच्च्यांवर काम निघेल. वरच्या पाच ओळी कॉपी करून तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका, माझं नाव नको. तुमच्याकडे याहून चांगली पद्धत असेल तर खाली लिहा. आणि आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाल तेव्हा गाडी बघून झाली की एकदा वर बघा, काम करणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे का.